वितळू द्यायचं आणि परत गोठवायचं

शीतगृहातली यंत्रं सांभाळण्यात त्याची चौतीस वर्षं गेली. एका जागी दोन मिनिटं न टिकणारा माणूस, म्हणून कामावर सगळे त्याला मुद्दाम थंडोबा म्हणत. त्याचा हट्ट एकच: वितळलेला माल पुन्हा गोठवायचा नाही. बर्फाचे कण माल आतून फाडतात, त्याचा लगदा होतो. यावरून तो दोन मॅनेजरांशी हमरीतुमरीवर आला होता.

निवृत्तीनंतर प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. किरणोपचार झाले, चार वर्षं बरी गेली, आणि रक्ततपासणीतला आकडा पुन्हा चढू लागला. गाठ त्याच जागी परतली होती. नशीब, बाहेर पसरली नव्हती.

"बारीक सुया घालायच्या, त्यांत गॅस सोडून गाठ गोठवायची," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मग वितळू द्यायची आणि परत गोठवायची."

थंडोबा खुर्चीतून उठलाच. "परत? अहो, माल कामातून जाईल!"

"काका, तेच तर हवंय!"

बायकोला हसू आवरेना. तो मात्र मटकन खाली बसला. जन्मभर ज्याच्या नावाने बोटं मोडली, तेच आता त्याला वाचवणार होतं.

"आणि लघवीची नळी गोठली तर?"

"तिच्यातून कोमट पाणी फिरवत ठेवतो. तरीही लघवीवरचा ताबा जाऊ शकतो. आणि गाठ पुरती मरेलच, असं लिहून नाही देणार मी."

त्याने होकार दिला.

शस्त्रक्रियेनंतर बाईंनी त्याला सोनोग्राफीचं चित्र दाखवलं. बर्फाचा काळा गोळा आतड्याच्या अलीकडे जेमतेम चार मिलिमीटरवर थांबवलेला. थंडोबा बघतच राहिला. शीतगृहाच्या दारावर चढणारा बर्फ फोडता फोडता त्याचे हातोडे झिजले होते, आणि या पोरीने तो जिवंत माणसाच्या पोटात, हवा तिथे अडवला होता. असली कारागिरी त्याने उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

पुढचे काही आठवडे लघवीने रडवलं, मग ती ताळ्यावर आली. तीन महिन्यांनी रक्ताचा रिपोर्ट मिळाला. लॅबच्या पायरीवरच त्याने तो उघडला. सहाच्या घरातला आकडा शून्य पूर्णांक दोनवर आला होता.

"दर तीन महिन्यांनी तपासायचंय अजून," तो म्हणाला.

बायकोने कागदाकडे पाहिलंही नाही. "म्हणजे राहताय ना तुम्ही?"

इतक्या दिवसांत तिने हे एकदाही विचारलं नव्हतं.

"राहतोय," तो म्हणाला, आणि भर रस्त्यात ढसाढसा रडला.