निवडलेली माती

सुरुचीने मोठ्या ट्रेमध्ये कागद पसरला, त्यावर तपकिरी माती ओतली आणि खडे निवडायला घेतले. तांदूळ निवडतात तसेच. माती पुढे ओढायची, बोटाने पातळ पसरायची, खडा दिसला की बाजूला. खरं तर या कामाला चाळणी होती. पण ढेकळं इतकी चिवट होती की चाळणीवर नुसती बसून राहत, म्हणून हात.

बाजूला कागदी कप मांडले होते. गुलाबी खडे एकात, पांढरे चुनखडीचे दुसऱ्यात, काळे तिसऱ्यात, पापुद्र्याचे चौथ्यात. इतक्या वर्षांत जपानमध्ये कचरा वेगळा करून करून तिच्या हाताला तीही सवय लागली होती. नुसतं निवडून भागत नसे, जातवार लावावंच लागे.

एका मातीत इतक्या जातींचे खडे कसे, हे तिला कळत नव्हतं.

सुरुची परभणीची. तिथल्याच कृषी विद्यापीठात मृदाशास्त्र शिकली, चांगल्या मार्कांनी पास झाली, आणि लग्नानंतर शैलेंद्रच्या मागोमाग जपानला आली. तो सॉफ्टवेअरमध्ये. आधी टोकियोत ओजिमाच्या सरकारी वसाहतीत राहिले, मग जवळच ग्योतोकुला. मुलगी नुपूर शाळेत जायला लागल्यावर सुरुचीने डबे भरायच्या कारखान्यात अर्धवेळ काम धरलं. भातावर आंबट प्लम ठेवायचा, डबा पुढे. तिथून कुणाच्या तरी ओळखीने ती या माती तपासायच्या छोट्या कंपनीत आली. घरांचे प्लॉट, बागा, शाळांची मैदानं, सगळीकडची माती पिशव्यांतून येई. ती वाळवायची, कुटायची, चाळायची, पुढच्या टेबलावर द्यायची. तिची डिग्री कंपनीत सगळ्यांना माहीत होती, पण त्या डिग्रीचं करायचं काय हे कुणाला सुचलं नव्हतं. तिलाही नाही.

इथली काळी माती पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा तिला भरून आलं होतं. अगदी घरची वाटली. उचलून पाहिली तर पिठासारखी हलकी. ज्वालामुखीच्या राखेतून झालेली. परभणीची माती पावसात चपलेसकट पाय धरून ठेवते. ही कुणालाच धरत नव्हती. काळी म्हणजे भारी, हे तिचं जन्माचं गणित त्या दिवशी चुकलं आणि त्यानंतर या देशात तिने कशाचंच गणित ठामपणे मांडलं नव्हतं.

फेब्रुवारीत कंपनीत लाकडी खोकी आली. एका निवृत्त प्राध्यापकांनी जमवलेले देशोदेशीच्या जमिनींचे उभे काप, वरच्या थरापासून खालच्यापर्यंत जसेच्या तसे. शेतकी शाळेत मांडायचे होते. त्यातल्या एका खोक्यात कधीतरी पाणी शिरलं होतं आणि चिठ्ठी पार विरघळली होती.

विभागप्रमुख ओकुमुरा-सान तिच्या टेबलापाशी आले. साठीचे गृहस्थ, बोलणं बेताचं.

"सुरुची-सान, तुम्ही मातीच शिकलात ना?"

"शिकले होते."

"मग हिचं नाव लावता येईल का? देश नको. जात सांगा. कसली माती, कशी झाली. पाटीवर एवढं पुरे." ते जरा थांबले. "हे जमत असेल तर एप्रिलपासून तुम्हाला पूर्णवेळ घ्यावं असं मी वर बोलेन. शुक्रवारी सांगा."

एरवी ही बातमी तिने स्टेशनवरूनच शैलेंद्रला कळवली असती. पण त्याच आठवड्यात त्याची ओसाकाला बदली झाली होती. तिथे घर कुटुंबाचं हवं की एकट्याचं, हे त्यालाही ऑफिसला शुक्रवारीच सांगायचं होतं. अर्थात कुटुंबाचं. त्यात विचारण्यासारखं काय आहे, असा त्याचा चेहरा होता. नुपूरला टोकियोच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. ती होस्टेलला राहणार. सामान भरायची खोकी घरात आली होती आणि शैलेंद्र स्वयंपाकघरात उभा राहून काय न्यायचं ते बोलत होता.

"मिक्सर तिकडे नवा घेऊ. कुकर मात्र न्यायचा. तसा इकडे मिळत नाही."

"नुपूर, तुला काय वाटतं गं? आम्ही जावं ओसाकाला?" सुरुचीने विचारलं.

"दोच्ची देमो ई," नुपूर फोनमधून मान वर न करता म्हणाली. कुठलंही चालेल.

"मराठीत सांग."

"मराठीत पण तेच, आई."

सुरुचीला स्वतःलाही काय हवंय ते उमगत नव्हतं. पूर्णवेळ नोकरीचं ऐकल्यावर आनंद झाला होता का? झाला असावा. शैलेंद्र एकटा तिकडे काय खाईल, हाही विचार लगेच आला होता. दोन्ही एकाच दमात आले, म्हणून कुठला खरा ते कळेना. तेव्हा तिने आजोळच्या देवळात लावतात तसा मनात कौल लावून टाकला. उजवं फूल पडलं की होय, डावं पडलं की नाही. इथे फुलं नव्हती, माती होती. मातीचं नाव सांगता आलं तर बोलायचं, राहायचं. नाही आलं तर गुपचूप ओसाका. तोवर घरात विषय काढायचा नाही.

आणि ती माती काही केल्या सरळ बोलेना.

खोक्याच्या मागच्या बाजूने तिने थराथराचे नमुने काढले होते. वरचा थर साधा, पोयट्याचा. मधल्या थरातली माती भिजवून अंगठ्याने बोटावर पुढे सरकवली तर लांब पट्टी निघाली, तुटेना. म्हणजे चिकणमाती भरपूर. तपकिरीत राखाडी डाग. म्हणजे पाणी तुंबणारी, निचरा वाईट. तळच्या थरावर आम्लाचा थेंब टाकला तर फसफसलं, चुना. ढेकूळ फोडलं तर आतली बाजू चकाकत होती.

चकाकी पाहून ती हरखली. ही खूण तिची होती. परभणीची जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आतल्या आत घासते आणि घासून घासून चकाकते. चिकण, चुना, चकाकी, सगळं घरचं. व्हर्टिसॉल, भेगाळणाऱ्या काळ्या मातीचं शास्त्रातलं नाव, तिने मनात लिहूनही टाकलं. मग ओल्या मातीची वडी वाळत ठेवली. घरची माती असती तर वडी आकसून तडकली असती. ही थोडी आकसली आणि गप्प बसली. मातीच्या रंगांच्या पुस्तकातलं पान लावून पाहिलं. काळ्याच्या जवळपासही नाही.

वर हे खडे. परभणीच्या मातीत सापडला तर काळ्या दगडाचा तुकडा नाहीतर चुन्याची गाठ. मातीत दगड असतो तो तिला जन्म देणाऱ्या खडकाचा. एका मातीत एकाच घरचे दगड, हे ती शिकली होती. इथे चार घरचे होते. आई म्हणायची, खडा दाताखाली आला तर तो जेवणाऱ्याचा दोष नाही, निवडणारीचा. सुरुचीने सगळे निवडले, धुतले, कपांत भरले. खाली राहिलेली माती स्वच्छ झाली आणि पहिल्यापेक्षा जास्त अनोळखी दिसायला लागली.

गुरुवारी ती ओकुमुरा-सानांकडे गेली. "नमुना भेसळीचा आहे. पाणी शिरलं तेव्हा खोक्यात दुसरं काहीतरी मिसळलंय. खडे वेगवेगळ्या ठिकाणचे आहेत. हिचं नाव लावता येणार नाही."

ओकुमुरा-सानांनी कप पाहिले. "फार नीट निवडलेत," ते म्हणाले. ते खरंच कौतुक होतं की काय, तेही तिला कळलं नाही. "मग भट्टीत घालावी लागेल. उद्या सकाळी घाला."

परदेशी माती जपानात परवान्याशिवाय येत नाही. आली तरी कुंडीत टाकता येत नाही, कचऱ्यात देता येत नाही. नकोशी झाली की भाजूनच टाकायची. हे काम नेहमी सुरुचीकडेच असे.

म्हणजे कौल पडला. डावा. घरी येऊन तिने कुकर धुतला, पुसला आणि खोक्यात ठेवला.

"बघ, मी म्हटलं नव्हतं, जागा होईल," शैलेंद्र खूश होऊन म्हणाला. "ओसाकाची माणसं मोकळी असतात म्हणे. तुला करमेल."

"हो."

"चेहरा का असा?"

"कसा?"

"डाळ जळाल्यासारखा."

"जळलेली नाही," सुरुची म्हणाली आणि गॅसपाशी जाऊन खरोखरच पाहून आली. प्रश्न सुटला होता, तर हलकं वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं. आपण मातीला नीट विचारलं का, एवढंच सारखं मनात येत होतं.

शुक्रवारी सकाळी तिने हातमोजे घातले आणि खोक्यात उरलेला काप भट्टीच्या ट्रेमध्ये घेतला. मोठी ढेकळं फोडून घालावी लागतात, नाहीतर आतपर्यंत भाजत नाहीत. मधल्या थराचं एक ढेकूळ तिने दोन्ही हातांनी मोडलं. आत गुलाबी खडा होता. तो निघून हातात आला आणि ढेकळात त्याच्या मापाचा खळगा राहिला, चिंचोका काढल्यावर चिंचेत राहतो तसा. खळगा आतून गुळगुळीत होता, चकाकत होता. खड्याच्या अंगालाही तोच पातळ तपकिरी लेप.

ती उभी राहिली.

पाण्याबरोबर खोक्यात पडलेला खडा ढेकळाच्या पोटात कसा जाईल? आणि गेलाच, तर त्याला लेप कोण देईल? चिकणमाती वरच्या थरातून पाण्याबरोबर झिरपत खाली येते, चिरांना आणि दगडांना लिंपत बसते. त्याला हजारो वर्षं लागतात. म्हणजे चिकणमाती खाली उतरायला लागली तेव्हा खडा तिथे आधीच होता. आणि ही चकाकी घासून आलेली नव्हती. ती लिंपून आलेली होती. ती कालपर्यंत दोन्ही एकच समजत होती.

तिने दुसरं ढेकूळ फोडलं. आत काळा खडा आणि पांढरा, शेजारी शेजारी. काळा पुसला तर त्याची एक बाजू चपटी झालेली, तिच्यावर एकाच दिशेने ओरखडे. असले ओरखडे तिने एकदाच पाहिले होते, कॉलेजच्या पुस्तकातल्या धुरकट फोटोत. हिमनदी. परीक्षेत येत नाही म्हणून सरांनी भरभर उरकलेला धडा. बर्फ वाटेतल्या सगळ्या खडकांचे तुकडे खरवडत, दळत नेतो आणि वितळला की बारीक-जाड सगळं एकत्र टाकून जातो. निवडत बसत नाही. परभणीच्या वर्गात, पंख्याखाली घाम पुसत, तिने त्या बर्फाचं पान उलटलं होतं.

ट्रे तसाच ठेवून ती ओकुमुरा-सानांकडे गेली.

"भट्टी लावली?" त्यांनी विचारलं.

"नाही. भेसळ नाहीये. माझं चुकलं."

"हम्म. मग काय आहे?"

"बर्फाने आणून टाकलेल्या गाळावर तयार झालेली माती. खडे वेगवेगळे आहेत ते त्यामुळेच. वरची चिकणमाती उतरून मधल्या थरात साठली आहे, चुना धुऊन खाली गेलाय, सुपीकपणा अजून शिल्लक असणार. अल्फिसॉल म्हणतात त्या गणात बसेल. पाणी तुंबण्याची खूण आहे, म्हणून त्यातल्या पाणथळ पोटजातीत. देश नाही सांगता येणार."

"देश नको म्हटलंच होतं." ते तिच्याबरोबर ट्रेपाशी आले, खळगा पाहिला, बराच वेळ पाहिला. "आणि जे खडे निवडले ते?"

"ते पुन्हा जसेच्या तसे घालता येणार नाहीत. तेवढा भाग गेला." सुरुची खाली पाहत म्हणाली.

"हम्म. उरलेला पाटीसकट मांडू." ते जायला वळले आणि थांबले. "एप्रिलचं काय करायचं?"

आता कौल कुठला धरायचा? काल सांगता आलं नव्हतं, आज आलं. डावं फूल पडल्यावर पुजारी दुसऱ्यांदा कौल लावतो का? आजोळी लावत असत की नाही, हे ती आठवत होती आणि तेवढ्यात तिचं तोंड म्हणालं, "करते मी काम."

संध्याकाळी शैलेंद्र खोक्यांना टेप लावत होता. ती चप्पल काढता काढताच बोलली, नाहीतर बोलणं झालं नसतं.

"तू ऑफिसला सांगितलंस?"

"आता फोन करतोय. का?"

"एकट्याचं घर सांग."

त्याने टेप खाली ठेवली. "म्हणजे?"

तिने सगळं सांगितलं. खडे, खळगा, पूर्णवेळ. कौलाचं मात्र नाही सांगितलं.

"तुला राहायचंय?"

"माहीत नाही."

"मग हो कसं म्हणालीस?"

"तेही माहीत नाही, शैलेंद्र. पण म्हणाले."

"अगं, मी तिकडे एकटा काय करू?"

"तान्शिन फुनिन," नुपूर दारातून म्हणाली. घरचे एका गावी, नोकरीवाला दुसऱ्या गावी. असं राहायला जपानी लोकांनी नावच ठेवलेलं आहे. "माझ्या वर्गात अर्ध्यांचे बाबा तसेच असतात. शुक्रवारी येतात आणि सोफ्यावर झोपतात."

"छान. माझं भविष्य सोफ्यावर." शैलेंद्रने सुरुचीकडे पाहिलं. तो रागावला होता की त्याला नुसतंच काही सुचत नव्हतं, हे तिला ओळखता आलं नाही. "आधी का नाही बोललीस?"

"मला आधी कळलंच नव्हतं."

"आता कळलंय?"

तिने चपला उचलून रॅकमध्ये ठेवल्या. तो गॅलरीत गेला. काचेपलीकडून त्याचं जपानी ऐकू येत होतं, आर्जवी, वाकलेलं. हो, बदल आहे. हो, एकटाच. क्षमस्व.

तो परत आला तेव्हा ती खोक्याची टेप सोलत होती.

"हे काय? यातलं मला लागणारच आहे की. दोन ताटं, तवा..."

"ताटं ने. तवा ने. पोळपाट-लाटणंही ने, शिकशील."

तिने हात घालून कुकर बाहेर काढला आणि गॅसवर ठेवला.

"कुकर इथे राहील," ती म्हणाली. एवढं बोलताना मात्र तिला जराही विचार करावा लागला नाही.