ताडपत्रीखालचं पाणी

होळीला चार दिवस राहिले, तरी अंगणातल्या छोट्या स्विमिंग पूलवरची ताडपत्री मी काढलेली नाही. पाणी चोवीस अंशांवर गेलं की उघडायचा, असा माझा दरवर्षीचा नियम. यंदा खरं तर उघडूच नये असं वाटतंय. शेवाळ घासायचं, पाला काढायचा, आणि पोहणार कोण? मुलं लांब गेली. माझी कंबर ऑफिसातून येतानाच कुरकुरायला लागते.

सकाळी पाहिलं तर माझे वडील काठावर बसलेले. ताडपत्रीचा कोपरा वर करून त्यांनी पाय पाण्यात सोडले होते.

“अण्णा, गार आहे. थर्मामीटरवर अजून वीससुद्धा झालं नाही.”

“होळी जळाली की थंडी पळाली. घरात पहिली पदवी घेतलीस, आणि ऋतू बघायला काचेची काडी लागते होय गं?”

त्या पदवीचा मला अभिमान आहे. हे घर तिच्याच जोरावर बांधलं. पण गावच्या विहिरीत कमरेला वाळका भोपळा बांधून पोहायला शिकवलं ते अण्णांनी. ते ‘चल’ म्हणायचे, की मी उडी मारायची. आता ते माझ्या ‘चला’ची वाट बघतात. पंचाऐंशीच्या माणसाला ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणायला जीभ रेटेना.

दुपारी कपडे वाळत घालायला गेले, तर दोरीवर त्यांची पोहायची चड्डी होती. स्वतः धुऊन, पिळून, चिमटा लावून ठेवलेली.

कंबर दुखतच होती. शेवाळ घासायचा ब्रश कुठे ठेवलाय, ते मी शोधायला लागले.