शेलब्रूकला नेलेली बारा काडतुसं

शेलब्रूकला जायचं ठरलं ते मायरॉनकाकांच्या हातांमुळे. काका आमचे शेजारी, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त वेल्डर. कॅनडात, सस्काटूनमधल्या आमच्या पहिल्या हिवाळ्यात माझ्या आधी उठून माझ्या ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसून ठेवणारा माणूस. २०१८ च्या उन्हाळ्यात त्यांचे हात कापायला लागले. कॉफीचा मगसुद्धा दोन्ही हातांनी धरावा लागे.

"धिस इज द लास्ट वन, प्रॅम," ते म्हणाले. माझ्या प्रमोदचं त्यांनी पहिल्याच दिवशी प्रॅम करून टाकलं होतं. शेवटचा हंगाम, शेवटचं हरीण, आणि काडतुसं या वेळी मी भरायची.

इकडे शिकारीला जाणारे बरेच जण काडतुसं घरीच भरतात. रिकामं पितळी कवच, ठिणगी पाडणारं नवं प्रायमर, मोजून दारू, वर गोळी. मला हे काकांनीच शिकवलं. आमच्या बेसमेंटमधल्या त्या टेबलाला माझी बायको वृषाली 'दारूगोळ्याचा कारखाना' म्हणते. मी सावजी मटणावर वाढलेला नागपूरकर, शिकारीला नाक मुरडायचा मला हक्कच नव्हता.

आता थोडं तांत्रिक, कारण पुढचं सगळं यावरच आहे. बंदुकीच्या नळीत आतून पीळ असतो. त्यामुळे गोळी फिरत बाहेर पडते आणि भोवऱ्यासारखी सरळ राहते. गोळी जितकी जड, तितकी ती लांब, आणि तितका पीळ घट्ट हवा. माझी बंदूक नवी, नऊ इंचांत एक पूर्ण फेरा. काकांची त्यांच्या वडिलांकडून आलेली. काडतूस दोन्हींचं अगदी एकच, म्हणून पीळही एकच असणार असं मी धरून चाललो. मी इंजिनिअर आहे, हे इथे सांगायला लाज वाटते.

काका वर्षानुवर्षं हलकी गोळी वापरत. मी शंभर ग्रेनची, म्हणजे साडेसहा ग्रॅमची, जड गोळी भरली. हात कापतोय, नेम थोडा चुकला तरी जनावर जागच्या जागी पडावं, हा हेतू. माझ्या बंदुकीतून मारून पाहिली, छान बसली. काकांच्या बंदुकीतून पाहायची होती त्या शनिवारी मराठी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम होता आणि अडीचशे चकल्या तळायचं माझ्या गळ्यात पडलं होतं. पुढच्या आठवड्यात काकांनी विचारलं, "माझ्या बंदुकीतून मारून पाहिल्यास ना?"

"हो," मी म्हणालो.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात निघालो. हायवे अकराने प्रिन्स अल्बर्ट, तिथून पश्चिमेला हायवे तीन. एरवी दोन तास पुरतात, आम्हाला तीन लागले. रस्ता काचेसारखा होता आणि दोन्ही बाजूंना नुसतं राखाडी. तुम्ही या दिवसांत जाणार असाल तर विंटर टायर्स, गाडीत ब्लँकेट आणि भरलेली टाकी याला पर्याय नाही. वाटेत रॉस्थर्नला पेरोगी खाल्ले: बटाटा भरून उकडलेल्या करंज्या, वर परतलेला कांदा. काकांचा काटा बशीवर टकटक वाजत होता. वेट्रेसने न बोलता त्यांना चमचा आणून दिला, याचं मला फार वाईट वाटलं.

मोटेल साधं, ऐंशी डॉलरचं, हीटर रात्रभर खोकत होता. सकाळी उणे बावीस. काकांच्या ओळखीच्या शेतकऱ्याची परवानगी आधीच घेतली होती. त्याच्या शेताच्या कडेला पॉप्लरच्या झाडीत, इतर शिकाऱ्यांना दिसावं म्हणून घालायच्या नारिंगी कपड्यांत आम्ही दोघे बसून राहिलो. साडेनऊच्या सुमारास एक नर बाहेर आला आणि आडवा उभा राहिला. काकांनी बंदूक काठीच्या दुबेळक्यात टेकवली, श्वास सोडला. मी शेजारून पाहत होतो. त्या क्षणी त्यांचे हात कापत नव्हते. मी शपथेवर सांगेन.

गोळी सुटली. हरणाचा मागचा भाग खचला, आणि ते तीन पायांवर झाडीत गेलं.

दुपारी साडेचारपर्यंत आम्ही रक्ताच्या मागावर होतो. आधी वाटीएवढे डाग, मग थेंब, मग काहीच नाही. काका एका ओंडक्यावर बसले आणि हातमोजे काढून हातांकडे बघत राहिले. "पन्नास वर्षांत एकही जखमी सोडलं नव्हतं," म्हणाले. दुसऱ्या दिवशी उजाडताच पुन्हा गेलो, पण रात्री बर्फ पडला होता आणि माग पुसला गेला होता. दुपारपर्यंत नुसतेच फिरलो. परतीच्या वाटेवर काका एकदाच बोलले: "बंदूक तुझ्याकडे ठेव. विकून टाक. माझे हात आता तिच्या लायकीचे नाहीत."

मी गाडी चालवत राहिलो.

पुढच्या शनिवारी त्यांची बंदूक आणि उरलेली अकरा काडतुसं घेऊन नेमबाजीच्या रेंजवर गेलो. कागदावर गोल भोक पडायला हवं होतं. पडलं ते लांबट, गोळी आडवी घुसल्यासारखं. पाचातली दोन तर कागदालाच लागली नाहीत. घरी येऊन साफ करायच्या सळीला घट्ट चिंधी गुंडाळली, सळीवर खूण केली आणि नळीत ढकलली. खुणेचा एक फेरा पुरा व्हायला बारा इंच लागले. इतका सैल पीळ त्या लांब गोळीला सरळ ठेवू शकत नव्हता, त्यात थंडीतली जड हवा. सळीचं काम पाच मिनिटांचं होतं. ते चकल्यांच्या आधीही झालं असतं.

वृषालीला सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना आजच जाऊन सांग. उद्यावर टाकलंस तर कधीच सांगणार नाहीस."

कागद घेऊन गेलो. काका स्वयंपाकघरात बसले होते. मी सगळं सांगितलं, खोटं बोललो तेही. मला वाटलं होतं रागावतील, किंवा हात निर्दोष ठरले म्हणून सुटल्यासारखं तरी वाटेल. त्यांनी त्या लांबट भोकावरून करंगळी फिरवली, बराच वेळ.

"माझ्या हातांचंच चुकलं असतं तर बरं होतं, प्रॅम," ते म्हणाले. "त्यांचं वय तरी झालंय."

बंदूक त्यांनी परत घेतली नाही. ती अजून माझ्या कपाटात कुलपात आहे, सोबत सहा काडतुसं. शेलब्रूकला कसं जायचं, कुठे राहायचं हे मी वर लिहिलंय, आणि पेरोगी खरंच चांगले होते. पण हे सगळं लिहायला बसलो ते दुसऱ्याच कारणाने. त्या डिसेंबरात पहिला मोठा बर्फ पडला तेव्हा मी पाचला उठलो, काकांचा ड्राइव्हवे साफ करायला. बाहेर आलो तर त्यांचाही झाला होता आणि माझाही. त्यांच्या स्वयंपाकघरात दिवा होता. मी फावडं हातात घेऊन तिथेच उभा राहिलो, पण दार वाजवायची हिंमत झाली नाही.