आवाजवाल्या बाईंचा सीपीयू

"यात काही बिघाड नाही म्हणजे नाही!"

"मग बंद का पडतो?"

"तिकडे पडतो. इथे पडला का? काल दुपारपासून गाणी लावून ठेवलाय. हूं की चूं केलं का त्याने?"

"दादा, तिसऱ्यांदा परत आलाय तो."

"मग बाईंच्या घरची वीज खराब असेल! नाहीतर त्यांचा पाय लागत असेल वायरला. पॉवर सप्लाय बदलला, रॅम बदलली. आता काय माझं काळीज काढून घालू आत?"

"तुझं नको. ते लगेच तापतं."

तापलाच दादा. टेबलावर आडव्या पडलेल्या सीपीयूवर त्याने असा काही हात आपटला की पलीकडच्या वाटीतले स्क्रूसुद्धा दचकले.

कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान वडिलांच्या मागे दोघा भावंडांचं. पण दुरुस्तीचं टेबल दादाचं आणि काउंटर बहिणीचं, हे कुणी न ठरवताच ठरून गेलं होतं. कोर्स दोघांनी एकाच वर्गात, एकाच बाकावर बसून केलेला. तरी माउस, केबल आणि मोबाइलची कव्हरं विकत बसायचं तिने, आणि कान मात्र सतत टेबलाकडे. दादा जेवायला गेला की ती टेबलावर. तो ढेकर देत आला की पुन्हा काउंटरवर. घरात तिला 'चिवट' म्हणत. शाळेत असताना एका गणिताच्या अर्ध्या मार्कावरून वर्गाच्या बाईंनी तिला बाहेर उभं केलं होतं. शाळा सुटली, पोरं गेली, शिपाई कुलूप घेऊन आला, तरी ही उभीच. शेवटी बाईंनी पेपर पुन्हा काढला. मार्क मिळाला. त्या बाई त्या वर्षी पुन्हा तिच्याकडे पाहून हसल्याचं मात्र कुणाला आठवत नाही.

"टेबल मला दे," ती म्हणाली. "कायमचं."

"अगं, शोभेचं आहे का ते? एवढी खाज असेल तर जा बाईंच्या घरी. सापडला बिघाड तर टेबल तुझं. नाही सापडला तर पुन्हा टेबलाचं नाव काढायचं नाही."

"शब्द?"

"शब्द."

सीपीयू कडेवर आणि हत्यारांची पिशवी खांद्यावर घेऊन ती निघालीच.

या आवाजवाल्या बाई, ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशा लोकांसाठी कादंबऱ्या वाचून रेकॉर्ड करत. खोलीत खिडकीला गादी टेकवलेली, दाराला रजया टांगलेल्या. आत शिरलं की स्वतःचा श्वासही परक्याचा वाटावा.

"तुमचे बंधू म्हणाले, माझा पाय लागतो," बाई भारदस्त आवाजात म्हणाल्या. "अहो, मी मांडी घालून वाचते! आणि माझ्या नायकाने काय पाप केलंय? दोनदा नदीत उडी मारायला निघाला, दोनदा काठावरच अडकला. ऐकणाऱ्यांनी किती दिवस श्वास धरून बसायचं?"

"आज मारेल उडी," चिवट म्हणाली. "वाचायला घ्या."

आधी तिने विजेचा संशय फेडून घेतला. स्वयंपाकघरातल्या प्लगवरून लांब वायर ओढली आणि सीपीयू त्याच्या नेहमीच्या जागी, टेबलाशेजारी उभा केला. प्रोसेसर फार तापला की मशीन आपोआप बंद पडतं, म्हणून पडद्याच्या कोपऱ्यात त्याचं तापमान दिसेल असं केलं. बाई वाचू लागल्या. नायक काठाकडे धावला, आणि आकडाही त्याच्याबरोबर धावला. चिवटने चटकन बाजूचं झाकण काढलं. पंखा व्यवस्थित फिरत होता, धुळीचा कण नाही. पंख्याखाली, प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा ॲल्युमिनियमचा ठोकळा असतो, त्याला तिने बोट लावलं.

कोमट!

खाली प्रोसेसर भाजून निघतोय आणि वर ठोकळा कोमट? म्हणजे गॅस पेटलाय, पातेलंही ठेवलंय, पण अधांतरी!

खट्. पडदा काळा. नायक पुन्हा काठावर.

"बघा!" बाई जवळजवळ आनंदाने ओरडल्या.

नीट पाहता यावं म्हणून तिने सीपीयू आडवा केला, टॉर्च काढला आणि पुन्हा सुरू केला. आकडा चढला थोडा, आणि गप्प बसला. बाईंनी अख्खं पान वाचलं. नायकाने उडी मारली, पोहला, पलीकडे निघून कपडेसुद्धा पिळले. आकडा ढिम्म.

"काय केलंत?"

"काहीच नाही. आडवा केला."

तिने तो उभा केला. आकडा निघाला वर. आडवा केला, उतरला. मग वरच्या कोपऱ्यात टॉर्च धरल्यावर दिसलं. ठोकळ्याला धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या चार पायांपैकी एक तडकला होता. सीपीयू उभा असला की ठोकळा स्वतःच्या वजनाने सुटायचा. आडवा केला की त्याच वजनाने चपखल बसायचा. आणि दुकानात आलेलं प्रत्येक मशीन पहिल्यांदा काय होतं? आडवं! दादाने आडवं तपासलं. तिनेही दोनदा आडवंच तपासलं होतं.

तिला हसू आलं, पण अर्ध्यावरच राहिलं. हे मशीन पहिल्यांदा आलं तेव्हा बंद पडत नव्हतं, नुसता पंखा घरघरत होता. दादाने ठोकळ्यासकट पंखा काढून साफ केला होता, आणि अंगठ्याने दाबून परत बसवला होता.

"कशाने तुटला हो?" बाईंनी विचारलं.

जुना झाला होता, असं म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता.

"आमच्या हातून. पंखा बसवताना. चूक आमची आहे."

बाईंनी पुस्तक मिटलं. मग म्हणाल्या, "पुस्तक माझं असतं तर तुम्हाला अर्पण केलं असतं."

पिशवीतला दुसरा पाय लावून, प्रोसेसर आणि ठोकळ्याच्या मध्ये उष्णता वाहून नेणारी नवी पेस्ट भरून ती दुकानात परतली. दादा एका मशीनवर वाकला होता. तिने तुटका पाय त्याच्यासमोर ठेवला.

"उभा असला की सुटत होता. आपण आडवाच बघत बसलो, तूही आणि मीही."

दादाने तो तुकडा उलटसुलट पाहिला. तड कुठे आहे ते पाहिलं, आणि त्याच्या अंगठ्याला सगळं कळलं.

"बाईंना काय सांगितलंस?"

"आपल्या हातून तुटला."

"माझ्या हातून म्हणालीस?"

"आपल्या म्हणाले. दुकान दोघांचं आहे ना?"

"जुना झाला होता म्हणायचं, शहाणे! कोण बघायला येणार होतं?"

"मी गेले होते की बघायला."

दादा स्क्रूड्रायव्हर घेऊन पुन्हा समोरच्या मशीनवर वाकला.

"शब्द दिला होतास," ती त्याच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली. आवाज जराही चढला नव्हता. "उद्यापासून टेबल कुणाचं, दादा?"

दादाने स्क्रूड्रायव्हर मूठ तिच्याकडे करून टेबलावर ठेवला. खुर्ची मागे सरकवून उठला, चपला पायात अडकवल्या, आणि काउंटरला वळसा घालून, तिच्याकडे न बघता रस्त्यावर उतरला.