खारीची उडी

वाळवंटात एवढं निळं पाणी असेल असं मला वाटलं नव्हतं. दोन्ही बाजूंना तांबडे उभे कडे, मध्ये तळं, आणि भाड्याच्या छोट्या बोटीत मी, माझी लेक केतकी आणि तिची कुत्री खारी. सोलापुरात गटारात पडलेलं हे पिल्लू केतकीने उचलून आणलं होतं. नोकरीसाठी अमेरिकेला आली तेव्हा ती त्यालाही घेऊन आली. खारीची पाण्याची भीती मात्र कधी गेली नाही. आंघोळीची बादली दिसली तरी ती पलंगाखाली शिरते.

केतकी पोहायला उतरली. ती लांब गेली तशी खारी बोटीच्या कडेला येऊन केविलवाणी ओरडू लागली. एक पाय पाण्याकडे नेऊन लगेच मागे घेत होती. मी म्हटलं, "बस गं, येईल ती." खारीने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सरळ उडी मारली.

तिच्या अंगात तरंगायचं जाकीट होतं, तरी मी बोटीची कड धरून वाकले. नाक वर धरून, जमेल तसे पाय मारत ती केतकीपर्यंत पोचली. भीती काही गेली नव्हती. ती भीती सोबत घेऊनच खारी निघाली होती. परदेशी निघताना विमानतळावर केतकीचेही हात गार पडले होते, तरी ती गेली होती.

शेजारच्या बोटीतल्या अमेरिकन आजोबांनी टाळ्या वाजवून इंग्रजीत विचारलं, "कुठल्या जातीची हो ही?"

मी ताठ बसले आणि माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, "जात माहीत नाही. आमच्या घरची आहे."