तीन टिंबं आणि एक आडवी रेघ

आधीच सांगते, मी देवभोळी असेन, पण भुताखेतांची नाही. सगळा जन्म बडोद्यात, रावपुऱ्यात गेला. कुणी म्हणालं, पिंपळाखाली बाई दिसली, की मी विचारायची, "चष्मा होता ना गं डोळ्यांवर?" तरी हे लिहितेय... पोटात राहत नाही म्हणून.

गेल्या वर्षी मी आणि माझी धाकटी बहीण मंदा पोर्तुगालला गेलो होतो. पाच दिवस किल्ले आणि चर्च बघून पायांचे तुकडे पडले. सहाव्या दिवशी मंदा म्हणाली, "ताई, आज काही बघायचं नाही. कपडे धुऊ, भाजी आणू, पडून राहू."

लिस्बनमध्ये आमच्या गल्लीतच कपडे धुवायचं दुकान होतं. सांभाळणारी बाई निघाली दीवची. "आवो मासी," म्हणत तिने मशीन आणि ड्रायर, दोन्हींत हात फिरवून रिकामे दाखवले. कपडे मी स्वतः एकेक झटकून टाकले. सवयच आहे माझी.

ड्रायर थांबल्यावर टॉवेल निघाले, कुर्ते निघाले... आणि एक हातभर चिंधी. लाल पदराची. पांढऱ्या पट्ट्यावर काळी खूण — तीन टिंबं, खाली आडवी रेघ.

आमच्या लहानपणी धोबी प्रत्येक घराच्या कपड्यांवर बिब्ब्याने अशी खूण करायचा, म्हणजे अदलाबदल होत नसे. ही खूण आमच्या घराची. आणि हा पदर आईच्या हिरव्या इरकली लुगड्याचा.

त्या प्रवासाच्या अकरा वर्षं आधी आई सवाष्ण गेली. "मला न्याल तेव्हा हेच नेसवा," हे तिचं एकच मागणं. माझे यजमान तेव्हा अहमदाबादला आयसीयूत होते, मला निघता आलं नाही. फोनवर मंदाला विचारलं होतं, "नेसवलंस ना?" म्हणाली, "हो ताई, तेच."

मी चिंधी तिच्यापुढे धरली. मोज्यांच्या जोड्या लावणारे तिचे हात थांबले.

"अगं, ते तर कपाटात आहे," ती म्हणाली. आणि तोंडावर हात ठेवला.

मग मोजे बाजूला ठेवून पुटपुटली,

"जाळवलं नाही गं माझ्याच्यानं. इतकं सुंदर लुगडं..."

"मग आईला काय नेसवलंस?"

"एक हिरवी साडी होती. लहरीपुऱ्यातून आणलेली... सेलमधली."

मी तिथूनच बडोद्यात, अकोट्याला, तिच्या सुनेला व्हिडिओ कॉल लावला. तिने कपाटातून गाठोडं काढलं. मंदाने मारलेली गाठ तशीच होती. लुगडं उलगडून ती म्हणाली, "मावशी, पदराचा कोपरा कुणी फाडला? कसरीचं काम नाही हो हे, सरळ फाडलंय."

मंदानेच चिंधी सामानातून आणली असेल, असं माझा मुलगा म्हणतो. स्वतःला उघडं पाडायला कोण आणेल? दीवच्या बाईने तर हातच जोडले.

चिंधी आता माझ्या देवघरात आहे. ती त्या ड्रायरमध्ये कशी आली, ते आजही मला सांगता येत नाही. त्याचं एवढं वाटत नाही. पण अकरा वर्षं, आईच्या प्रत्येक श्राद्धाला, मंदा माझ्या पानाशेजारी बसून सांगायची, "ताई, त्या इरकलीत आई काय दिसत होती गं." आणि मी दर वेळी डोळे पुसत म्हणायची, पुन्हा सांग.