दहा वर्षं लाईफ

आमच्या दुकानात ‘लाईफ’ हा शब्द माझ्या आधी येऊन बसला होता. मी लग्न होऊन बीडला आले तेव्हा मालक, म्हणजे आमचे हे, बॅटऱ्या, सेल, बल्ब आणि कंदिलाच्या काचा विकत. गिऱ्हाईक सेल तळहातावर तोलून विचारायचं, “याला लाईफ हाय का?” विचारणाऱ्याला इंग्रजीचं एक अक्षर येत नसे. लिंबागणेशकडचे शेतकरी रात्रीच्या लाईनीवर पिकाला पाणी द्यायचे. विहिरीवर जाताना बॅटरी मधेच मेली तर पाय सापावर पडायचा, म्हणून लाईफ विचारून घ्यायची. सेलला लाईफ असे, टायरला असे, पंपाच्या मोटारीला असे, प्लॅस्टिकच्या चपलेलासुद्धा असे. माणसाला तेवढी नसे. माणसाला जीव असे, आयुष्य असे, दारू प्यालेल्याला जिंदगी असे.

माणसाला लाईफ आली ती मागाहून, दुकानात रिमोटचा टीव्ही आणि मिक्सर आला आणि गल्लीतून केबलची काळी वायर गेली तेव्हा. मग क्लासला जाणारी पोरं लाईफ सेट करायला निघाली. माझ्या भाचीला नवरा नको होता, लाईफ पार्टनर पाहिजे होता. मिळाला तो नवराच निघाला. माझा धाकटा स्टँडजवळच्या व्हिडिओ गेमवरून यायचा आणि सांगायचा की आई, एक लाईफ शिल्लक असतानाच लाईन गेली. आणि गंमत अशी की सेलची ती लाईफ, पण पोरांचं ते लाईफ. वस्तूची बाईमाणूस, माणसाचं नपुंसक. हे व्याकरण कुणी ठरवलं ठाऊक नाही, पण अगदीच चुकीचं नाही ठरवलं.

या सगळ्यात मी कुठे होते, तर काउंटरवर. मॅट्रिकला इंग्रजीत दोनदा नापास झालेली. तरी घरात सगळ्यात जास्त इंग्रजी आपल्याला येतं असा माझा समज होता, आणि तो मोडायला घरात इंग्रजी येणारं कुणी नव्हतं. गिऱ्हाईकाशी बोलताना मी मधेच ‘येस’ म्हणायचे. कुणी लाईफ किती विचारली की म्हणायचे, “तुमच्यापेक्षा जास्त.” मालक डोळे वटारायचे. मला ते फार चतुर उत्तर वाटायचं. आज त्या बाईला काउंटरवर बघितलं तर मी समोरच्या दुकानातून सेल घेईन.

घरात राज्य सासूबाईंचं. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, कोठीची, कपाटाची, अगदी साखरेच्या डब्याचीसुद्धा किल्ली. पाहुणे आले की मी चहाचं आधण ठेवायचे आणि साखरेसाठी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहायचे. दोन लेकरांची आई, पण साखर मापून मिळायची. त्या किल्ल्या कधीतरी माझ्या कमरेला येणार, एवढ्याच आशेवर मी चुलीपुढे बसत होते असं म्हटलं तरी चालेल.

मग आत्याबाईंची नाडी मंद पडली. उभ्या उभ्या डोळ्यांपुढे अंधार यायचा. एकदा न्हाणीत पडल्या, एकदा देवापुढे. या बाईचा धाक गल्लीला होता, पण आता ती ओसरीच्या दोन पायऱ्या उतरायला माझा हात मागू लागली. रात्री झोपायला घाबरायची. झोपले आन उठलेच न्हाई तर, म्हणायची. पडली तरी शुद्धीवर येताच पहिला हात मात्र किल्ल्यांवर जायचा, हे मी बघून ठेवलं होतं.

औरंगाबादला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी डाव्या खांद्याच्या खाली कातडी उघडून काड्यापेटीएवढं मशीन बसवलं. हृदय ढिलं पडलं की ते त्याला टोचणार, असं मालकांना समजावलं होतं. आमच्यात गळ्यात शिवाचं लिंग असतं, चांदीच्या डबीतलं. आत्याबाई शुद्धीवर आल्यावर छाती चाचपून म्हणाल्या, एकीकडं देव हाय, एकीकडं ह्ये काय बसवलंय.

मालक खाली औषधं आणायला गेले होते. डॉक्टर आले, वयाने लहान, हसरे. त्यांनी टाका बघितला आणि मला म्हणाले, “काळजी करू नका. दहा वर्षं लाईफ धरा.” आणि गेले.

“काय म्हणला गं त्यो?” आत्याबाईंनी विचारलं.

आता दुकानात मी हा शब्द दिवसातून पन्नास वेळा ऐकत होते. पण दवाखाना होता, डॉक्टर होते, खालची फरशी गुळगुळीत होती. अशा ठिकाणी काउंटरवरचा अर्थ काढणं मला गावंढळ वाटलं. मला शाळा आठवली. एल आय एफ ई लाईफ, लाईफ म्हणजे आयुष्य. हे पाठांतर मी नापास होण्याआधी पक्कं केलं होतं.

“डॉक्टर म्हणाले, दहा वर्षं आयुष्य आहे तुमचं.”

आत्याबाईंनी छताकडे बघून हात जोडले. माझं तोंड मात्र उतरलं, कारण साखरेचा डबा आणखी दहा वर्षं लांब गेला होता. मी स्वतःच सांगितलेल्यावर स्वतःच विश्वास ठेवला. असा पक्का दुभाषी शोधून सापडायचा नाही.

घरी आल्यावर आत्याबाईंनी गल्लीभर सांगितलं की औरंगाबादच्या डाक्टरनी दहा वर्षं दिलीत. मालकांना वाटलं, म्हातारी आपल्या पद्धतीने बोलतेय, जेवतेय ना, बोलू दे. आणि ती नुसती जेवत नव्हती. ठेचा खाऊ लागली. पायऱ्या उतरू लागली. बाजारात रिक्षांकडे ढुंकूनही न बघता रस्ता ओलांडायची, आणि मी पदर धरून मागे ओढलं तर म्हणायची, “मला काय व्हतंय? दहा वर्षं ऱ्हायलीत.” कपिलधारला यात्रेत गेली आणि बायाबापड्यांना कोपराने सारत सरळ धबधब्याच्या धारेखाली जाऊन उभी राहिली. बहिणीकडे एकटी एसटीने जाऊ लागली. जन्मात कधी एकटी एसटीत बसली नव्हती, आता कंडक्टरशी भांडून खिडकीची जागा घ्यायची. गल्लीत कुणी आजारी पडलं की उशाशी जाऊन बसायची आणि सांगायची, कावून भितूस, मी बघ.

माणसं तिला बोलवायला येऊ लागली. मी घरात बसून पोळ्या लाटायचे. मला जे आयुष्य म्हणून मिळालं होतं त्याला मुदत नव्हती, आणि मी कुठेच जात नव्हते. हे तेव्हा लक्षात आलं असतं तर मी शहाणी झाले असते. तेव्हा माझं लक्ष किल्ल्यांवर होतं.

दहा वर्षं भरायच्या बरेच आधी तपासणीला गेलो तेव्हा तेच डॉक्टर होते, आता चष्मा लागलेले. मशीनवर दुसरं मशीन धरून त्यांनी बघितलं आणि मालकांना म्हणाले, लाईफ संपत आलीय. लवकर बदलून घ्या, हे त्यांनी आम्हाला बाजूला नेऊन सांगितलं. आत्याबाईंना पहिलंच वाक्य ऐकू आलं होतं, आणि एवढ्या वर्षांत लाईफ हा शब्द त्यांना माझ्याइतकाच येत होता. त्यांनी पदर नीट केला आणि म्हणाल्या, चला.

जीपमध्ये बसण्याआधी मी मालकांना हळूच विचारलं, बदलायचं म्हणजे काय. ते म्हणाले, “सेल बदलायचा. लाईफ सेलची असते, दुसरी कशाची?” त्यांनी हे अगदी सहज सांगितलं. लाईफ म्हणजे लाईफच होती. आमच्याच दुकानातली.

घरी आल्यावर आत्याबाईंनी तिसऱ्या दिवशी ठरवून टाकलं की आता जायचं. नवं लुगडं बाजूला काढून ठेवलं. बहिणीला निरोप धाडला. मग मला बोलावलं, कमरेचा जुडगा सोडला आणि माझ्या हातात दिला. मालक ऑपरेशनचं बोलले तर म्हणाल्या, “दिली तेवढी झाली. जास्तीची मागू ने माणसानं. आन दहाची म्हणून दहा कुठं भरत्यात? आपल्या दुकानातलं सामान बी सांगितल्याइतकं चालत न्हाई.” मालकांनी समजावलं, माझ्या थोरल्याने समजावलं. मालक म्हणाले सेल संपलाय, तर त्या म्हणाल्या, मला येडी समजायलास का, डाक्टरनी आयुष्य सांगितलंय, सूनबाई साक्षीला हाय.

साक्षीदार कमरेला किल्ल्या लावून फिरत होती. मी त्या दिवसांत चहात इतकी साखर घातली की मालक म्हणाले, हा चहा आहे का पाक. चालताना किल्ल्या वाजाव्यात म्हणून मी मुद्दाम जोरात चालायचे. आणि आत्याबाई पुन्हा भिंत धरून चालू लागल्या होत्या. ओसरीच्या पायऱ्यांशी थांबत होत्या. एका सकाळी त्यांनी पायरीवरून माझ्याकडे हात केला, पूर्वी करायच्या तसा, काही न बोलता. मी तो हात धरला तेव्हा माझ्या कमरेच्या किल्ल्या वाजल्या. मला त्या आवाजाची मजा वाटली नाही.

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मालक जेवून लवंडले होते. मी आत्याबाईंना काउंटरवर आणून बसवलं, एक जुनी बॅटरी घेतली आणि बटण दाबलं. लागली नाही.

“आत्याबाई, हिला काय झालंय?”

“सेल गेलेत. मला कावून इचारायलीस?”

“मग बॅटरी फेकून देऊ?”

“येडी झालीस का? सेल बदल.”

मी सेल बदलले. बॅटरी लागली. उजेड मी त्यांच्या डाव्या खांद्याखाली धरला आणि सांगून टाकलं की डॉक्टर तेव्हा सेलची लाईफ बोलले होते. आयुष्य मी माझ्या मनाने लावलं. डॉक्टरांनी तुम्हाला दहा वर्षं दिली नव्हती, दहा महिनेही दिले नव्हते, काहीच दिलं नव्हतं.

त्यांनी माझ्या हातातली बॅटरी घेतली, विझवली, परत लावली. मला वाटलं आता आख्खी गल्ली गोळा होणार. मग त्यांनी अगदी हळू विचारलं,

“मंग इतके दिस मी कुणाच्या जिवावर हिंडले गं?”

याला उत्तर होतं, आणि ते सोपं होतं. पण गिऱ्हाईकाला तोंडावर उत्तर देणारी मी, काउंटरची काच पदराने पुसत बसले.

आत्याबाईंना मात्र हसू येऊ लागलं. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला. रिक्षा, म्हणाल्या. त्या रिक्षा. कपिलधारची धार. कंडक्टर. एकेक आठवून हसत होत्या आणि मधेच छातीवर हात दाबत होत्या, देवावर की सेलवर ते कळत नव्हतं. हसणं थांबल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि हात पुढे केला.

“किल्ल्या आण हिकडं.”

मी जुडगा सोडून दिला. म्हणजे त्या ऑपरेशनला तयार झाल्या, हे मालकांना झोपेतून उठवून सांगावं लागलं.

या वेळी दवाखान्यात जाताना त्यांनी मला बजावलं की डाक्टरशी मी बोलते, तू तोंड उघडू नको. आणि बोलल्या. नव्या सेलची लाईफ किती, विचारलं. डॉक्टरांनी सांगितलं. मग माझी किती, विचारलं. डॉक्टर चष्मा काढून म्हणाले, आजी, ते मला कसं सांगता येईल. आत्याबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, ऐकलंस का, याला बी येत न्हाई.

पुढे त्या पहिल्यासारख्या बिनधास्त फिरल्या असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघू लागल्या. ठेचा कमी झाला. पण एसटीची खिडकी सोडली नाही, आणि पायऱ्यांवर पुन्हा कधी हात मागितला नाही. कुणी विचारलं तर सांगायच्या, मुदत न्हाई आता, बिनमुदतीचं हाय.

त्या गेल्या ते पुढे काही वर्षांनी, दुपारी जेवून भिंतीला टेकल्या असताना. सेलचा त्यात काही संबंध नव्हता, तो नवाच म्हणायचा. आमच्यात जाळत नाहीत, बसवून पुरतात. तळहातावर लिंग ठेवतात. कमरेच्या किल्ल्या एका बाईने आधीच सोडून माझ्याकडे दिल्या होत्या, मी त्या कुठे ठेवाव्यात ते न कळून मुठीत धरून उभी होते.

माती लोटायच्या आधी परगावाहून आलेले धाकटे दीर माझ्याजवळ सरकले. हळूच म्हणाले, वहिनी, ते आत अजून चालू असेल का?

“असेल,” मी म्हटलं. “त्याची लाईफ बाकी आहे.”